पॉप-अप कॅम्परमध्ये थंडी वाजते, काय करावं?

किल्ल्याखालचा (धागाकर्ता), २ डिसेंबर, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. दिवाळीत एक खूळ केलं. वापरलेला पॉप-अप कॅम्पर विकत घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पिकअपच्या हौद्यात बसणारा पेटारा असतो. छप्पर वर ढकललं की दोनेक फूट उचललं जातं आणि मधल्या जागेत चारी बाजूंनी कॅनव्हास ताणला जातो. दोघांनी केबिनच्या डोक्यावर आलेल्या फळीवर झोपायचं, दोघांनी खाली बाकांवर. मिटला की भाजीच्या टेम्पोएवढा दिसतो, म्हणून गल्लीत माझं नाव सध्या 'टेम्पोवाले साहेब' आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी मेढ्याजवळ मेव्हण्याच्या शेतात चाचणी घेतली. मी, सौ., लेक (७) आणि आई (६८). नऊला सगळे खूश. अकराला पाय गार. तीनला लेक माझ्या कुशीत घुसली आणि आई उठून बसली. म्हणाली, "बाळा, घरी गाद्या आहेत ना रे आपल्याकडे?" पाचला छपरातून टपटप थेंब पडायला लागले. बाहेर आभाळ स्वच्छ! म्हणजे ठिबक सिंचन, तेही अनुदानाशिवाय.

खाली चार इंची फोमची गादी होती, वर प्रत्येकी जाड ब्लँकेट, आईला दोन. आणखी किती घालायचं?

२६ तारखेला पुन्हा निघतोय. पहिली रात्र बामणोलीला ओळखीच्यांच्या आवारात, दुसरी महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला. गॅसचा छोटा हीटर बघून ठेवलाय. शेजारचे काका म्हणतात, कशाला पैसे घालवतोस, लोखंडी शेगडीत चार निखारे ठेव. काय करू? 'हॉटेलात जा' हे उत्तर सौ.नं आधीच दिलेलं आहे.

भडंग_आणि_चहा, रात्री ९:५८

हॉटेलात जा.

वाईची_सून, रात्री १०:०६

@भडंग, नाताळच्या आठवड्यात महाबळेश्वरच्या खोल्यांचे भाव बघा, मग घाम फुटेल आणि थंडीचा प्रश्नच मिटेल.

धागाकर्ते, फोटो कुठंय? फोटोशिवाय कॅम्पर मान्य नाही.

लिंगमळाकर, रात्री १०:४०

मी इथलाच, स्ट्रॉबेरीवाला. पहिली गोष्ट, तलावाजवळ गाडी लावू नका. दरवर्षी पेपरात फोटो येतो ना, 'वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले', तो गंमत म्हणून छापत नाहीत. त्या पहाटे गावातला पारा शून्यावर असतोच असं नाही. पाच-सहा असला तरी खाली गवतावर, गाडीच्या टपावर पांढरं साचतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब सरळ आभाळात जाते, आणि गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराला लागते आणि खोलगट जागेत साठते. तुमचा टेम्पो नेमका त्या हौदात उभा राहणार.

थोडं वर, उतारावर, झाडाखाली लावा. आमच्याकडं रानात बघा, उघड्यावरच्या गवतावर हिमकण आणि जांभळीखाली काही नाही. झाड म्हणजे पांघरूणच. फक्त वाळलेली फांदी डोक्यावर नाही ना, ते दिवसाउजेडी बघून घ्या.

निवृत्त_मास्तर, ३ डिसेंबर, सकाळी ६:१५

लिंगमळाकरांशी सहमत. एक पुरवणी जोडतो. उंचीनुसार तापमान हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे लोक समजतात की बामणोली म्हणजे कासच्या पलीकडचं, म्हणजे उंच, म्हणजे गार. वास्तविक कास पठार १२०० मीटरच्या आसपास आहे आणि बामणोली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला, जवळपास सातारा शहराच्याच उंचीवर. तिथली थंडी पठाराची नव्हे, खोऱ्याची. दमट.

आता मूळ दुखणं. तुम्ही वरून किती घातलं ते सांगितलंत. थंडी मात्र खालून येते आहे. केबिनवरची ती फळी खालूनही उघडी, म्हणजे तिच्याखालून रात्रभर गार हवा जाते. फोम मऊ असतो. कंबर आणि खांदा टेकतो तिथे चार इंचांचा एक इंच होतो आणि दाबलेल्या फोममध्ये हवा उरत नाही. ऊब राखते ती अडकलेली हवा, कापड नव्हे. म्हणून अंगाखालचं दाबलं न जाणारं हवं.

आणि हीटरचं गणित. झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देतो, म्हणजे चौघं मिळून तीनशेच्या घरात. कॅनव्हास ती धरून ठेवत नाही. तुम्ही दोन हजार वॅटचा हीटर लावलात तरी बंद केल्यापासून दहा मिनिटांत आत-बाहेर सारखंच. खोली गरम करायच्या भानगडीत पडू नका, अंथरूण गरम करा.

भडंग_आणि_चहा, सकाळी ८:३०

मास्तर, सव्वासहाला एवढं लिहिलंत? आम्ही त्या वेळी तुमचं अंथरुणाचं तत्त्व अमलात आणत होतो.

माणगंगा, सकाळी ९:१२

म्या दहिवडीकडला. मास्तरांनी सांगितलं त्याला आमच्यात येकच शब्द हाय, घोंगडं. आमचा आजा मेंढरामागं आख्खी थंडी उघड्यावर काढायचा. खाली जेन, त्यावर घोंगडं, वर दुसरं घोंगडं, आन् कुत्रं पायाशी. जेन म्हंजी लोकरीचा थापून केलेला जाड पट्टा, विणलेला न्हाई, त्यो दबत न्हाई. दख्खनी मेंढीची लोकर भरड असती, वल लागली तरी ऊब सोडत न्हाई. तुमचं ते ब्लँकिट पाणी पडलं की पोतं होतं.

नवं घेतलं तर ताठ लागंल. चिंचोक्याची खळ दिल्याली असती. हप्ताभर वापरा, मऊ हुतं.

सॅकवाला, सकाळी ९:४०

आदर आहे, पण घोंगडं टोचतं, वास मारतं आणि दोन घोंगड्यांच्या वजनात माझी अख्खी सॅक बसते. चांगली स्लीपिंग बॅग घ्या, विषय संपवा. घेताना एवढंच बघा की पिशवीवर दोन आकडे असतात, एक आरामाचा आणि एक 'जेमतेम तगाल' असा. दुकानदार दुसरा सांगतो. आपण पहिला बघायचा.

माणगंगा, सकाळी ९:५१

सॅक पाठीवर हाय का टेम्पोत? टेम्पोला वजनाचं काय?

सॅकवाला, सकाळी १०:०३

बरोबर. माघार. (टोचण्याचा मुद्दा कायम. खाली सुती चादर टाका.)

स्टेथोस्कोप, दुपारी १:२०

सगळे गादीत अडकलेत आणि धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुणी वाचलेलाच दिसत नाही. शेगडी.

धागाकर्ते, शेजारच्या काकांना नमस्कार सांगा आणि शेगडी त्यांनाच परत द्या. निखारे धुमसताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून जास्त ओढीनं धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. जागं असलेलं माणूस उठून बाहेर जातं. झोपलेल्याला कळतच नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून कुटुंबंच्या कुटुंबं जातात, ती याच कारणानं. 'धूर नाही म्हणजे धोका नाही' असं वाटतं, पण लालबुंद निखारा बिनधुराचाच असतो.

गॅसचा उघड्या ज्योतीचा हीटरही झोपताना नको. तो आतलाच ऑक्सिजन खातो, वर पाण्याची वाफ सोडतो, म्हणजे तुमचं ठिबक वाढणार. आत स्वयंपाकाची शेगडी असेल तर 'जरा पेटवून ठेवू' हेही नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. ऑनलाइन मिळतो.

आईंना मधुमेह आहे का? असेल तर गरम पाण्याची पिशवी थेट पायाला नको. बधिर पायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो. पिशवी कापडात गुंडाळून झोपायच्या आधी अंथरुणात ठेवायची आणि आई आत शिरल्या की काढून घ्यायची.

गारठलेले_आजोबा, दुपारी २:०५

आम्ही पाटणला लहानपणी शेगडी खोलीत घेऊनच झोपायचो. आठ भावंडं. आठही जिवंत आहोत. आताच्या लोकांना सगळ्याचीच भीती.

स्टेथोस्कोप, दुपारी २:१८

आजोबा, तुमचं घर कौलारू होतं ना? भिंत आणि कौलं यांच्यामध्ये हातभर फट?

गारठलेले_आजोबा, दुपारी २:३१

होती. चिमण्या यायच्या.

स्टेथोस्कोप, दुपारी २:३२

त्या फटीनं वाचवलं तुम्हाला.

मिरज_जंक्शन, रात्री ८:१५

गाड्यांचं वायरिंग करतो, म्हणून बोलतो. खरंच हवा गरम करायची असेल तर डिझेल हीटर. तो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूर पाइपनं बाहेरच सोडतो, आत येते ती नुसती तापलेली हवा. दोन किलोवॅटचा मंद आचेवर तासाला पाव लिटरपेक्षाही कमी पितो. पेटताना बॅटरीतून आठ-दहा अँपिअर ओढतो, मग दीड-दोनवर येतो. पण बसवणारा जाणकार पाहिजे. धुराचा पाइप खिडकीखाली सोडला की डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलंच होणार. आणि त्याचा पंप रात्रभर टिक-टिक करतो, आईंना झोप लागली तर मला सांगा.

दोन दिवसांच्या हौसेसाठी मी म्हणेन विजेची उबदार चादर. हिशेब असा: १०० अँपिअर-तासाची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर बसते. उरले ६००. चादर ६० वॅटची, आठ तास म्हणजे ४८०. एक चादर निघते, दोन नाही. त्याच बॅटरीवर घरातला दोन हजारवाला रूम हीटर लावलात तर अठरा मिनिटं. तेही तेवढा इन्व्हर्टर असेल तर. आणि गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीवर यातलं काहीही लावू नका, सकाळी धक्का मारायला बामणोलीत माणसं गोळा करावी लागतील.

निवृत्त_मास्तर, रात्री ९:००

उत्तम हिशेब. रबरी पिशवीचाही सांगतो. दोन लिटर पाणी ६५ अंशांवरून ३५ वर येताना सुमारे ७० वॅट-तास देतं. म्हणजे जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब तासाभराहून जास्त वेळ पांघरुणात जळल्यासारखं. बॅटरी नको, वायर नको.

वाईची_सून, रात्री ९:२५

ठिबक सिंचनावर कुणीच बोललं नाही. आमच्या तंबूत हेच व्हायचं. चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात लिटरभराच्या आसपास पाणी बाहेर पडतं. ते गार छपराला लागून थेंब होतात. लोक थंडी म्हणून सगळ्या झडपा घट्ट लावतात आणि स्वतःच्याच वाफेत भिजतात. समोरासमोरच्या दोन झडपा वरच्या बाजूनं चार बोटं उघड्या ठेवायच्या, एवढंच. ऊब थोडी जाते, पण कोरडी थंडी परवडते, ओली नाही.

आत ओले टॉवेल, मोजे वाळत घालायचे नाहीत. सकाळी ऊन आलं की सगळं अंथरूण बाहेर काढून उन्हात. आणि घरी आल्यावर छप्पर उघडून कॅनव्हास खडखडीत वाळवायचा, नाहीतर पुढच्या खेपेला बुरशीचे काळे ठिपके. आमच्या सासूबाईंची एक सतरंजी... असो, तो वेगळा धागा होईल.

पाचट, ४ डिसेंबर, सकाळी ७:४०

वाळव्याकडचा आहे. आमच्या रानाच्या कडेला ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या पडल्यात सध्या. दोन कांबी वाकवून वर चटई नाहीतर पाचट, की झाली कोपी. खाली वीतभर पाचट अंथरतात, त्यावर वाकळ. पहाटे तीन-चारला उठून फडात जातात, पोरं मागं त्याच पाचटात. परवा त्यातल्या एका बाईला मी विचारलं, थंडी वाजत नाही का. म्हणाली, "खालनं न्हाई वाजत. वरनं वाजती, पर वर बघायला येळ कुणाला हाय?"

मास्तरांचा अडकलेल्या हवेचा मुद्दा वाचून ती आठवली.

वाचनमात्र, सकाळी ८:०२

+१. पाचटदादा, यावर स्वतंत्र लिहा.

नियमावली, सकाळी ११:१५

धागाकर्त्यांनी पेटारा बसवताना परिवहन खात्याची मंजुरी घेतली आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल...

किल्ल्याखालचा, सकाळी ११:४०

पेटारा चार बोल्टांनी बसतो आणि उतरतो, मालासारखा. तरी कागद दाखवून विचारून घेतो. कृपया कलमावर धागा नेऊ नका.

भडंग_आणि_चहा, सकाळी ११:४४

नेणारच. धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) झाल्याशिवाय मजा नाही. बामणोलीहून लाँचनं तापोळ्याला जाता येतं, त्याला मिनी काश्मीर म्हणतातच.

आणि थंडीवर खरा उपाय दोन पेग. कुणी बोलत नाही म्हणून मी बोललो.

स्टेथोस्कोप, सकाळी ११:५९

@भडंग, दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते ती बाहेर निघून चाललेली ऊब असते. दोन तासांनी जास्त कुडकुडाल.

भडंग_आणि_चहा, दुपारी १२:०१

म्हणजे दोन तासांनी परत घ्यायची?

माणगंगा, दुपारी १२:३०

हुलग्याचं माडगं प्या. रातच्याला बाजरीची भाकरी आन् माडगं पोटात गेलं की आतनं शेगडी पेटती. हिला अलार्म लागत न्हाई.

लिंगमळाकर, दुपारी ४:१०

जाता जाता: बामणोलीत आवाराबाहेर, जंगलाच्या कडेला शेकोटी पेटवू नका. कोयना अभयारण्य म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वासोटा किल्ल्यावर मुक्काम करू देत नाहीत तो याचसाठी. ओळखीच्यांच्या अंगणात शेकोटी करा, झोपायच्या आधी पाणी ओतून राख हातानं चाचपून बघा.

किल्ल्याखालचा, ५ डिसेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आईला धागा वाचून दाखवला. शेगडी रद्द, गॅस हीटर रद्द. घोंगडी तीन आणि एक जेन मागवलंय. आईनं कुठलीही चर्चा न करता माळ्यावरून दोन वाकळा काढल्या आणि म्हणाली, "हे एवढ्या लोकांना विचारायचं होतं?"

वाचनमात्र, २८ डिसेंबर, सकाळी ९:००

धागा वर काढतोय. धागाकर्ते गोठले का?

किल्ल्याखालचा, २९ डिसेंबर, रात्री ९:३०

गोठलो नाही. सविस्तर लिहितो.

बामणोलीला पहाटे साडेपाचला बाहेर ११, आत १३. म्हणजे मास्तर म्हणाले तसंच, खोली काही गरम झाली नाही. पण कुणी उठलं नाही! फळीवर आधी पोरांच्या खेळायच्या जोडफरशीचे रबरी तुकडे, त्यावर जेन, त्यावर तीच जुनी गादी आणि सर्वांत वर वाकळ. आई खाली बाकावर, दोन घोंगड्यांत. टोचतं म्हणून चादर टाकून दिली होती, ती तिनं मध्यरात्री काढून टाकली. म्हणाली, घोंगडं अंगाला लागलं की वडील आठवतात. (मधुमेह नाही, तरी पिशवी काढून घेतली.)

महाबळेश्वरला लिंगमळाकरांचं ऐकून तलाव सोडला, वरच्या अंगाला एका ओळखीच्या मळ्यात झाडाखाली लावली. बाहेर ७, आत १०. सकाळी फिरायला खाली गेलो तर गवत पांढरं. लेकीनं बोटानं त्यावर नाव लिहिलं.

झडपा चार बोटं उघड्या ठेवल्या. छपराला ओल होती पण टपकलं नाही. वाईच्या ताई, दंडवत.

आता फसलेलं. चंदेरी बुडबुड्यांची शीट आणून कॅनव्हासला आतून चिकटवली होती. रात्री एकला चिकटपट्टी सुटली आणि ती चौघांच्या अंगावर पडली. फरसाणाच्या पुडीत झोपल्यासारखा आवाज. विजेची चादर तीनला बंद पडली, कारण बॅटरी शंभरची लिहिलेली असली तरी वयानं साठचीही उरली नसावी. मिरज_जंक्शन, तुमच्याकडे आणतोय.

आणि डॉक्टरीणबाई, अलार्म. दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता म्हणून सौ.नं सगळ्या झडपा लावून आतच चहा ठेवला. छोट्या शेगडीवर घरचं मोठं पातेलं, ज्योत बुडाला चेपलेली. मग आंघोळीचं पाणीही तिथंच ठेवलं. थोड्या वेळानं तो डबा किंचाळायला लागला. आम्ही सगळे बाहेर, आई घोंगड्यासकट. कुणाला काही झालं नाही, डोकंही दुखलं नाही. पण निखाऱ्यांची शेगडी घेऊन गेलो असतो आणि झोपेत असतो तर, हा विचार सातारा येईपर्यंत गाडीत कुणीच बोललं नाही.

स्टेथोस्कोप, रात्री ९:४१

यापुढे चहा बाहेर.

गारठलेले_आजोबा, रात्री ९:५५

त्या अलार्मची लिंक द्या.

किल्ल्याखालचा, रात्री १०:०२

देतो, आजोबा.

माणगंगा, एक प्रश्न. त्या पळापळीत अर्धं पातेलं चहा घोंगड्यावर सांडला. धुवायचं कसं? वॉशिंग मशीन चालेल?

माणगंगा, रात्री १०:०४

मशीन??? आटून पोरीच्या बाहुलीला व्हईल. गार पाण्याचा वला बोळा दाबून चहा टिपा, घासू नका, मग दोन दीस उनात टाका आन् काठीनं झटका.

भडंग_आणि_चहा, रात्री १०:०६

अर्धं पातेलं चहा. सांडला. आणि लोक म्हणतात अपघातात नुकसान झालं नाही.